झडप बदलली, तरी पंपिंग कमी का?

प्रश्न : आईची (वय ५८) गळकी मायट्रल झडप बदलून धातूची बसवली. आता इको रिपोर्टमध्ये ईएफ (हृदयाचं पंपिंग) ३५ टक्के आहे. एवढ्या गोळ्या कायम घ्यायच्या का?

उत्तर : झडप गळत होती तेव्हा बरंच रक्त मागे कर्णिकेत सहज जायचं, त्यामुळे आधीचा ईएफ खोटाच चांगला दिसत होता. आता दमलेल्या स्नायूला सगळं रक्त पुढे ढकलावं लागतं. रॅमिप्रिल किंवा सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन, मेटोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन, डॅपाग्लिफ्लोझिन ही औषधं त्याला सावरतात. डोस हळूहळू वाढवतात. बीपी, क्रिएटिनिन, पोटॅशियम तपासत राहावं लागतं. लघवीची गोळी सुजेप्रमाणे कमी-जास्त होते. बाकीच्या 'बरं वाटतंय' म्हणून सोडू नयेत. ईएफ सुधारला तरी त्या सहसा चालूच ठेवतात.

रक्त पातळ करणारी गोळी मात्र जन्मभर. आयएनआर (रक्त किती पातळ आहे, याची तपासणी) साधारण २.५ ते ३.५ हवा. नव्या, 'तपासणी न लागणाऱ्या' गोळ्या धातूच्या झडपेला चालत नाहीत. मेथी-पालक बंद नको, प्रमाण सारखं ठेवा. गुडघेदुखीवर डायक्लोफेनॅक परस्पर देऊ नका (केमिस्ट सहज देतो!). रोज सकाळी वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.