वारशाने आलेली दुनळी

सातपुड्याच्या पायथ्याच्या चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात आणि तापी ओलांडून थेट धुळ्यापर्यंत, रानडुकरांपासून पिकाचे रक्षण करण्याच्या निमित्ताने म्हणा किंवा पाटीलकीच्या मानापोटी म्हणा, जुन्या घराण्यांतून एखादी दुनळी बंदूक पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. १९६९ साली यावलचे अभयारण्य झाले, १९७२ च्या कायद्याने शिकारीवर निर्बंध आले, तरी बंदूक घरातच राहिली. आणि ज्याच्या नावे परवाना तो वडीलधारा माणूस गेला, की तिचे मोल काय आणि तिची वासलात कशी लावावी, हा पेच वारसांपुढे उभा राहतो.

आमचे आबा निवर्तले तेव्हा हेच झाले. घोड्याखालच्या पोलादी पट्टीवर, वेलबुट्टीच्या मधोमध, ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ अशी अक्षरे होती. ती वाचून वडील मंडळींना बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स या १८१२ पासूनच्या नामांकित पेढीचे स्मरण झाले, कोणी जळगावास कानावर आलेला लाखांचा आकडा सांगितला, आणि त्या आकड्याच्या भरवशावर वाटणीच्या याद्या होताना धाकट्या काकांच्या, म्हणजे नानांच्या, वाट्याला बंदूक व थोरल्या काकांच्या वाट्याला विहिरीलगतचा केळीचा तुकडा असे ठरून गेले. दुसरीकडे एक दलाल तीच बंदूक मोडीच्या भावाने मागत होता. या दोन किमतींत जमीन-अस्मानाचे अंतर असले, तरी दोन्ही बंदूक न उघडताच केलेल्या होत्या.

बंदूक त्या वेळी रीतसर एका परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा होती. त्याच्या वृद्ध कारागिराने नळ्यांखालचे पुढचे लाकूड काढले, नळ्या दस्त्यापासून सोडवून उताण्या केल्या आणि बुडाकडचा सपाट भाग तेलाच्या फडक्याने पुसून भिंग नानांच्या हाती दिले. ‘‘नाव कोणीही कोरतो, नाना. पोट बघा,’’ एवढेच तो म्हणाला. त्या पोटावर लंबगोलात ई. एल. जी. ही अक्षरे व खाली तारा होता, म्हणजे बंदूक बेल्जियममधील लिएज शहराच्या परीक्षणगृहातून उत्तीर्ण झालेली. लंबगोलावर मुकुट नव्हता, आणि तो मुकुट १८९३ पासून येऊ लागला, तेव्हा घडण त्यापूर्वीची. इंग्रज कारागिरांच्या नावांशी मिळतीजुळती नावे घालून लिएजच्या बंदुका त्या काळी देशोदेशी खपत असत, त्यांतलीच ही एक. नळ्यांवर पाण्यातल्या तरंगांसारखी करडी वलये होती. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून केलेल्या दमास्कस नळीची ती खूण. दिसायला ती अत्यंत देखणी. परंतु बिनधुराच्या दारूची परीक्षा झाल्याचे सांगणारी, सिंह व त्याखाली पी. व्ही. अशी मोहोर तिच्यावर कोठेही नव्हती. अशा नळीत खडकीच्या कारखान्याचे आजचे ‘शक्तिमान’ काडतूस घालणे म्हणजे स्वतःचा हात पणास लावणे होय.

वाटणीपत्र अद्याप नोंदले गेले नव्हते म्हणून बरे. थोरल्या काकांनी आपण होऊन बांध सरकविला. हा समंजसपणा प्रत्येक घरी असेलच असे नाही, म्हणूनच माझे आग्रहाचे सांगणे असे की, बंदुकीची ओळख पटेपर्यंत तिच्या किमतीचा शब्दही कोणी उच्चारू नये.

ओळख पटवावयाची ती मोहोरांवरून. बर्मिंगहॅमच्या परीक्षणगृहाची १९०४ पूर्वीची खूण म्हणजे मुकुटासह एकमेकांस छेदणारे दोन राजदंड. त्यानंतर मुकुटाखाली बी. पी., बी. व्ही. आणि बिनधुराच्या दारूसाठी एन. पी. ही अक्षरे येतात. कलकत्त्याच्या मँटनचे, किंवा ज्यांची माउझर पिस्तुले १९१४ साली क्रांतिकारकांनी लांबविली त्या रोडा कंपनीचे नाव असेल, तर ते पुष्कळदा विक्रेत्याचे असते, घडविणाऱ्याचे नव्हे. नळी, मधला पोलादी सांगाडा आणि पुढचे लाकूड यांवरील क्रमांक एकच आहेत किंवा कसे, आणि परवान्यावर तोच लिहिला आहे किंवा कसे, याची रुजवात घालावी. बारा बोअरच्या पुष्कळ जुन्या बंदुकांत काडतुसाचे घर अडीच इंचांचे असते व आजचे लांब काडतूस त्यात बसले तरी फुटताना दाब भलताच वाढतो. म्हणून ते घर आणि नळीच्या भिंतीची जाडी कारागिराकडून मापूनच घ्यावी. आणि गंज दिसला म्हणून पॉलिश पेपर हाती घेऊ नये: मोहोर पुसट झाली, की बंदुकीचा जन्मदाखलाच गेला.

कायद्याच्या बाबतीत हयगय परवडत नाही. परवाना व्यक्तीचा असतो, घराण्याचा नव्हे. धारकाच्या मृत्यूनंतर बंदूक घरी ठेवणे १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा ठरते, तेव्हा ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करून क्रमांक, बोअर, नळीची लांबी आणि सद्यःस्थिती यांचा तपशील असलेली पावती घ्यावी. जमा करण्यापूर्वी तेल द्यावे, कारण कोठीतला एक पावसाळाही नळीस बाधतो. वारसास स्वतःच्या नावे परवाना मागता येतो, नको असल्यास अधिकारी माणसास विकता येते. परंतु मुदतीत यांपैकी काहीच केले नाही, तर जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाने बंदूक सरकारजमा होऊ शकते. ‘आहे ठाण्यात सुरक्षित’ अशा समजुतीत राहिलेल्यांनी हे विशेष ध्यानी धरावे.

भावाविषयी म्हणाल, तर परदेशी बंदुकांची खाजगी आयात बंद झाल्यापासून अस्सल इंग्रजी बंदुकांस चढती किंमत येत गेली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाजवळ तीनऐवजी दोनच शस्त्रांची मर्यादा घातल्याने ज्यांच्याजवळ तिसरे होते त्यांना ते सोडावे लागले, गिऱ्हाईकही तितकेच आखडले, आणि मध्यम प्रतीच्या बंदुका त्यात विशेष अडकल्या. म्हणून एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन व्यापाऱ्यांकडून लेखी अंदाज घ्यावा, आणि अंदाज देणाराच खरेदीदार असेल तर तिसऱ्याकडे जावे. गिऱ्हाईक खाजगी असेल तर प्रथम त्याचा परवाना व त्यावरील मोकळी जागा पाहावी, बंदुकीच्या व खरेदीदाराच्या तपशिलासह जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याचे अंमलदार यांस लेखी कळवून पोच घ्यावी आणि पुढे पंचेचाळीस दिवस लोटल्याखेरीज बंदूक हातावेगळी करू नये. नानांनी आमची बंदूक विकताना घेतलेली अशी पोच आबांच्या रद्द झालेल्या परवान्यासह आजही जपून ठेवली आहे.