पडद्यावरची अटक

संगणकाची सुरक्षा भेदण्याऐवजी माणसाची भीती, लोभ किंवा अधिकाराविषयीचा आदर हाताशी धरून त्याच्याकडूनच पैसे वा माहिती काढून घेण्याच्या पद्धतीला सोशल इंजिनिअरिंग म्हणतात. भारतात तिचे सर्वांत क्रूर रूप म्हणजे ‘डिजिटल अरेस्ट’, ज्यात तोतया अधिकारी व्हिडिओ कॉलवरून माणसाला त्याच्याच घरात तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस अडकवून ठेवतात आणि चौकशीच्या नावाखाली त्याला ठेवी मोडायला लावतात.

अशा प्रसंगी फसलेल्याच्या भोळेपणावर बोट ठेवण्याची जी रीत पडली आहे, ती वस्तुस्थितीला धरून नाही. 2024 मध्ये लुधियानातील वर्धमान या वस्त्रोद्योग समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना याच मार्गाने सात कोटी रुपयांना गंडवण्यात आले. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या सुनावणीचा देखावा उभा करून तत्कालीन सरन्यायाधीशांचे सोंगही घेण्यात आले. करोनाकाळापासून न्यायालये खरोखरच दूरदृश्य पद्धतीने सुनावण्या घेत आली आहेत आणि 2022 पासून घटनापीठांचे कामकाज थेट प्रक्षेपित होत आहे, त्यामुळे पडद्यावरचे न्यायालय लोकांच्या अंगवळणी पडले असून भामट्यांच्या ते पथ्यावर पडले आहे.

प्रस्तुत लेखकाला आलेला दूरध्वनीही ठरीव साच्यातलाच होता: आधी कुरिअर कंपनीच्या नावाने बोलणारा सौम्य आवाज, परदेशी निघालेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडल्याची बातमी आणि मग ‘साहेबांशी जोडून देतो’ म्हणत पडद्यावर आलेला गणवेशातला दुसरा माणूस. आधार क्रमांक आणि पत्ता त्याने अचूक सांगितला. परंतु असा तपशील ठिकठिकाणी दिलेल्या झेरॉक्स प्रतींतून आणि फुटलेल्या माहितीसाठ्यांतून बाहेर पडत असल्याने, तो ठाऊक असणे हा अधिकाराचा पुरावा ठरत नाही. खरी अट त्यानंतर आली, ती अशी की खोलीचे दार लावून घ्यावे आणि प्रकरण गोपनीय असल्याने पत्नीलाही काही सांगू नये. ‘मग ठाण्यातच येतो, कोणते ते सांगा’ असे म्हटल्यावर अदब जाऊन धमक्या सुरू झाल्या, आणि पत्नी पडद्यासमोर येऊन बसल्यावर संभाषण फार टिकले नाही.

या गुन्ह्याचा सगळा डोलारा त्या एकाकीपणावर उभा असतो. घाबरलेला माणूस एकटा असेपर्यंत समोरच्याची प्रत्येक गोष्ट त्याला सुसंगत वाटते. तीच गोष्ट दुसऱ्याला मोठ्याने सांगू लागताच तिच्यातील विसंगती उघड्या पडतात. म्हणून ‘कोणाला सांगू नका’ ही सूचना हीच फसवणुकीची सर्वांत भरवशाची खूण मानावी, आणि घरातील ज्येष्ठांशी आधीच ठरवून ठेवावे की पोलीस, सीबीआय, ईडी वा न्यायालय यांचे नाव घेणारा फोन आला तर तो बंद करून आधी मुलाला, सुनेला किंवा शेजाऱ्याला कळवायचे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद भारतीय कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही 27 ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्ये हे स्पष्ट केले होते. पडताळणीसाठी रक्कम ‘सुरक्षित’ खात्यात भरायला कोणतीही तपास यंत्रणा सांगत नाही.

पैसे गेलेच असतील तर लाज बाजूला ठेवून ताबडतोब 1930 या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, रक्कम व वेळ हाताशी ठेवावी, कारण भाड्याने घेतलेल्या खात्यांच्या साखळीतून रक्कम पुढे सरकण्याआधी ती गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाने ग्राहकाला दिलेले संरक्षण अनधिकृत व्यवहारांपुरते आहे. ज्याने स्वतः शाखेत जाऊन आरटीजीएसचा अर्ज भरला, त्याला त्याचा आधार घेणे अवघड जाते. पैसे वाचवण्याची शेवटची संधी म्हणूनच पुष्कळदा बँकेच्या खिडकीपाशीच असते, आणि हे भामटेही जाणतात. मुदत ठेव का मोडता असे विचारल्यास घर घ्यायचे आहे किंवा लग्न आहे असे सांगावे, हे ते आधीच पढवून ठेवतात. मुदतीपूर्वी ठेव मोडायला आलेल्या वृद्ध खातेदाराचा फोन खिशात चालू आहे का, एवढे जरी कर्मचाऱ्याने पाहिले, तरी त्याला बाजूला बसवून घरच्यांना बोलावण्याइतका अवधी मिळतो.