पान्यानं सेल्फ मारू नकोस

उचगाव, कोल्हापूर

चि. निखिल,

काल शेजारच्या पोरानं तुझा स्टेटस दाखवला. कुपवाडच्या शेडमध्ये आबांचा ट्रक चालू झाला आणि तुझे मित्र टाळ्या वाजवताहेत. बाकीच्यांनी गाडी पाहिली. मला दिसले ते गाडीखालून बाहेर आलेले तुझे दोन पाय. आडवा पडून पान्यानं सेल्फ डायरेक्ट करत होतास तू! रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणतोस आणि विसरतोस, म्हणून हे पत्र.

आबा गाडी कशी उभी करायचे ते आठव. तिचा हँडब्रेक कधीच भरवशाचा नव्हता, म्हणून पहिला गिअर टाकूनच ते खाली उतरायचे. तुझ्या वडिलांना तीच सवय. गिअरमध्ये उभ्या असलेल्या गाडीचा सेल्फ फिरला की इंजिनाबरोबर गाडीही पुढं सरकते. त्यात हे जुन्या पंपाचं डिझेल इंजिन, त्याला चावीची गरजच नाही. एकदा फिरलं आणि डिझेल मिळालं की पेटलंच. मग स्टॉपची दोरी ओढायला केबिनमध्ये कोण होतं? सेल्फ बसतो फ्लायव्हीलपाशी, म्हणजे तू पुढच्या चाकांच्या मागं आणि मागच्या जोडटायरांच्या पुढं. यापुढचं माझ्यानं लिहवत नाही.

आपले क्लीनरकाका कसे पाय ओढत चालायचे, ते तू लहानपणी पाहिलंस. तुम्हा पोरांना आम्ही पोलिओ सांगितला. पोलिओ नव्हता तो. आंबा घाटात गाडी बंद पडली होती, गिअर तसाच राहिला होता आणि काकांनी खालून पाना लावला. आबांनी त्यांना आयुष्यभर घरात ठेवून घेतलं, पण त्या दिवसाबद्दल आमच्या घरात कुणी चकार शब्द काढला नाही. आता तुला कळायला हवं.

त्यानंतर मला गाडीच्या जवळ फिरकू देणं बंद झालं. तोवर हरिपूरच्या पेवांतली हळद भरून मार्केट यार्डात जाताना मी हट्टानं केबिनमध्ये बसायची. गाडीच्या नाकावरची चांदणी पुसायचं काम माझंच. टेल्कोचा जर्मन कंपनीशी करार झाला 1954 ला आणि संपला 1969 ला. मग चांदणी जाऊन तिथं टी आला. आपली गाडी चांदणीवाली, याचा मला केवढा तोरा! मला सांगलीच्या आयटीआयला वायरमनला जायचं होतं. आबा नको म्हणाले आणि मी गप्प बसले. वाइंडिंग शिकले ती लग्नानंतर, सासरच्या दुकानात. कितीतरी आर्मेचरं या हातांखालून गेली, पण आबांच्या गाडीचा सेल्फ उघडायला कधी मिळाला नाही. तेव्हा हट्ट धरायला हवा होता, हे अजून सलतं. म्हणून गाडीचा नाद सोड असं मी तुला कधीच म्हणणार नाही.

आता कामाचं. नवा सेल्फ घेणार आहेस म्हणे. घेऊ नकोस. व्हिडिओ मी पुन्हापुन्हा पाहिला. बॅटरीच्या जाड बोल्टावरून सोलेनॉइडच्या बारक्या टर्मिनलला पाना टेकवलास आणि इंजिन जोमात फिरलं. म्हणजे बॅटरी, सोलेनॉइड, सेल्फ सगळं ठणठणीत आहे. बिघाड आहे बटणात नाहीतर तिथून खाली येणाऱ्या तारेत. नवा सेल्फ बसवलास तरी बटण दाबल्यावर गाडी गप्पच राहील.

आधी गिअर न्यूट्रल कर, स्वतः हलवून बघ, आणि चाकांना पुढून-मागून दगड लाव. बॅटरीची अर्थ काढून त्या बारक्या टर्मिनलला लांब तार क्लिपनं जोड, तिचं दुसरं टोक घेऊन बाहेर ये आणि मगच अर्थ परत लाव. स्टॉप ओढून ठेवून कुणाला तरी बटण दाबायला सांग, तू बाहेर उभा राहून मीटर बघ. नुसत्या बल्बवर विसंबू नकोस. कुजलेल्या तारेतून बल्बापुरता करंट येतो, सोलेनॉइड ओढण्याइतका येत नाही. पुढंमागं सेल्फ खोलायचीच वेळ आली तर कार्बन बघ, बुश बघ. बुश झिजला की आर्मेचर आत घासतं आणि सेल्फ जड फिरतो. पण पान्याला हात लावण्याआधी बॅटरीची अर्थ काढायची, आणि शेवटचा बोल्ट सुटण्याआधी सेल्फला खालून आधार द्यायचा. वजन भलतं असतं.

फार बोलले का रे? तुझ्या वडिलांनी गाडी भंगारात काढायची भाषा केली तेव्हा तू एकटा आडवा आलास, हे मी विसरलेले नाही. त्या दिवशी देवापुढं साखर ठेवली होती मी. गाडी सुरू झाल्याचा आनंद मलाही झाला, पण तुझे पाय दिसले आणि बाकी सगळं दिसेनासं झालं.

गुरुवारी तुझे आतोबा मिरजेला येताहेत. त्यांच्याबरोबर नवं बटण, जाड तार आणि माझा मीटर पाठवते. मीटर परत करू नकोस, तुझ्याकडेच असू दे. डब्यात बेसनाचे लाडू आहेत, मित्रांनाही दे. आणि सेल्फ कधी उघडलासच, तर मला बोलावल्याशिवाय उघडू नकोस. मी एसटीनं येईन.

तुझी,
आत्या