रोज थोडे, पण रोज

कराडजवळच्या गोळेश्वर गावचे पैलवान खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत उतरले. सहावे आले. पण तालीम सोडली नाही. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक जिंकले. मधली चार वर्षे मेहनतीची होती.

अंग एका दिवसात कमावता येत नाही. पहिल्याच दिवशी १०० बैठका मारल्या, तर दुसऱ्या दिवशी पाय उचलत नाही. मग व्यायामच सुटतो. म्हणून १० पासून सुरुवात करा. जमल्या की २ वाढवा. जेवणात डाळ, शेंगदाणे, दूध असू द्या. आठवड्यातून एक दिवस विसावा घ्या. रात्री जागू नका. थकलेले स्नायू झोपेत भरून निघतात.

आता तुम्हांला लिहिता येते. रोजचा आकडा वहीत मांडा. महिन्याने मागचे पान उघडा. किती पुढे आलात, ते तुमचे तुम्हीच वाचाल.