पावसाचा खंड, एल निनो आणि वैजापूरचे रान

ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पडला. आधीच जूनमध्ये मॉन्सून रखडला, त्यामुळे बऱ्याच पेरण्या उशिरा झाल्या. जुलैने पिके उभी केली आणि ऐन फुलोऱ्यात पावसाने पाठ फिरवली. वैजापूर तालुक्यात मका तुऱ्यावर, कापूस पात्या-फुलांवर आणि बाजरी कणसावर असतानाच हा खंड आला.

खंडामागे प्रशांत महासागर आहे. विषुववृत्ताजवळ तिथले वारे एरवी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि तापलेले पाणी इंडोनेशियाकडे लोटतात. पेरूच्या किनाऱ्याला तळचे थंड पाणी वर येते. गरम पाण्यावरची हवा वर चढून ढग बनवते आणि पूर्वेला थंड पाण्यावर खाली उतरते. वारे मंदावले की गरम पाणी मध्य आणि पूर्व प्रशांतात पसरते, हवा चढण्याची जागाही तिकडे सरकते. यालाच एल निनो म्हणतात. तापलेले पाणी वाऱ्यांना आणखी मंद करते आणि मंद वाऱ्यांमुळे पाणी आणखी तापते, म्हणून ही स्थिती एकदा जमली की महिनोन्महिने हटत नाही. अशा वर्षी भारताच्या बाजूला हवा दबलेली राहते आणि ढगांची वाढ खुंटते. मॉन्सूनचा आस हिमालयाच्या पायथ्याला जाऊन बसला की तिकडे पूर येतात आणि मराठवाड्यात नुसता वारा सुटतो. ऑगस्टमध्ये तसेच झाले.

या नात्याचा पहिला धागा भारतातच हाती लागला. १९०४ ते १९२४ या काळात भारतातील वेधशाळांचे प्रमुख असलेल्या गिल्बर्ट वॉकर यांना प्रशांत आणि हिंदी महासागरांवरील हवेचा दाब आळीपाळीने वर-खाली होताना दिसला. त्याला समुद्राच्या तापमानाची जोड जेकब ब्यर्कनेस यांनी १९६९ मध्ये दिली.

मात्र एल निनो म्हणजे दुष्काळच, हे चावडीवरचे गणित खरे नाही. १९७२, २००२ आणि २००९ साली एल निनो होता आणि पाऊस दगा देऊन गेला. १९९७ चा एल निनो शतकातल्या सर्वांत तीव्र एल निनोंपैकी एक होता, तरी देशात सरासरीइतका पाऊस झाला. त्या वर्षी हिंदी महासागर मदतीला आला. आफ्रिकेकडचे पाणी गरम आणि सुमात्राकडचे थंड झाले की भारताकडे बाष्प अधिक येते. हीच स्थिती २०१९ मध्ये फार तीव्र झाली, पण त्या वर्षी ऑक्टोबरच्या पावसाने मराठवाड्यातला काढणीला आलेला माल कुजवला. २०२३ मध्येही हिंदी महासागर त्याच दिशेने झुकला होता. त्या सप्टेंबरमध्ये देशात सरासरीइतका पाऊस पडेल, असा हवामान विभागाचा अंदाज होता. देशाची सरासरी मात्र वैजापूरच्या शिवारात पडत नाही. तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे आणि नांदूर मधमेश्वरच्या कालव्याचे पाणी नाशिककडच्या पावसावर ठरते.

म्हणून अशा वर्षी पाऊस येईल असे धरून खर्च करू नये आणि येणार नाही असे धरून रानही सोडू नये. पहिले काम कोळपणीचे. काळ्या रानात भेगा पडल्या की ओल त्यांतूनच उडते. कोळप्याने माती हलवून भेगा बुजवाव्यात. तण उभे असलेल्या रानात ओल टिकत नाही, हे सांगण्याची गरज पडावी याचेच आश्चर्य वाटते. विहिरीत पाणी असेल तर ते आधी तुऱ्यावर आलेल्या मक्याला द्यावे. कापसाला एक सरी सोडून एक सरी भिजवावी. सबंध रान तुंबेपर्यंत पाट सोडून ठेवणे ही सवय चांगल्या सालातही चुकीची, अशा सालात तर ती घातक आहे. पिकावर पोटॅशियम नायट्रेट (१३:००:४५) एक टक्का, म्हणजे दहा लिटर पाण्यात १०० ग्रॅम, सकाळी किंवा संध्याकाळी फवारावे.

कोरड्या रानात युरिया फेकू नये. त्यातला बराच नत्र हवेत उडतो आणि पिकाला फार थोडा मिळतो. दुकानदार सांगेल ते टॉनिक घेणाऱ्यांनी एवढेच विचारावे की बाटलीतून पाणी येणार आहे का. पाणाड्याच्या हातातला नारळ उभा राहिला म्हणून कर्ज काढून बोअर घेणे तर सर्वांत महाग पडते. इथला खडक बेसाल्टचा आहे. त्यात पाणी असते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. खाली जितके जावे तितका खडक घट्ट होत जातो. पैसा घालायचाच असेल तर १९७२ च्या दुष्काळी कामांतून झालेल्या पाझर तलावांचा गाळ काढण्यात घालावा. त्यांतल्या कित्येकांत आज पाण्याला जागाच उरलेली नाही.

परतीचा पाऊस आला तर तो रानातच जिरला पाहिजे. त्यासाठी कापसात काही ओळींनंतर मृत सऱ्या आताच काढून ठेवाव्यात. पाऊस सुरू झाल्यावर औताला वाफसा मिळत नाही. रांगड्या कांद्याची लागवड रोपे किती आहेत यावर ठरवू नये. विहीर जानेवारीपर्यंत किती सऱ्या भिजवील, तेवढाच कांदा लावावा. उरलेल्या रानात सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून, ओल असेल तरच, रब्बी ज्वारी पेरावी, म्हणजे दाण्याबरोबर कडबाही हाती येईल. त्यानंतर ओल पाहून हरभरा घ्यावा. एल निनो हिवाळाभर टिकला तर थंडी कमी पडू शकते. कालव्याचे आवर्तन निश्चित नसलेल्यांनी गव्हाच्या वाटेला जाऊ नये. मक्याचे ताट वाळण्याआधी कापून मुरघास करावा, कारण उन्हाळ्यात चारा विकत मिळेलच असे नाही.