गप्प पिंपळ आणि भला डायनॉसॉर



गेल्या वर्षी मंडळाच्या कथास्पर्धेसाठी मी दोन भावांच्या भांडणाची कथा लिहिली होती. त्यात एक बोलणारा पिंपळ होता. सरांनी समासात शेरा मारला : 'पिंपळ गप्प राहिला असता तरी चाललं असतं.' मला राग आला. शेऱ्याचा अर्थ कळला तो सुट्टीत भाच्याबरोबर एक चित्रपट बघताना.

२०१५ साली पिक्सार स्टुडिओचे दोन चित्रपट आले. एकाच वर्षात दोन, असं पहिल्यांदाच घडत होतं. जूनमधल्या 'इनसाइड आउट'ने लहानथोरांना वेड लावलं. नोव्हेंबरमधला 'द गुड डायनॉसॉर' मात्र तिकीटबारीवर पडला.

सुरुवात खरं तर झकास आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची रात्र. डायनॉसॉर चरतायत. आकाशातून लघुग्रह येतो आणि पृथ्वीवर न आदळता निघून जातो. डायनॉसॉर वर बघतात, पुन्हा चरायला लागतात. डायनॉसॉर नामशेष झालेच नसते तर? केवढा मोठा प्रश्न!

पण पुढे काय? लाखो वर्षांनंतर आर्लो नावाच्या डायनॉसॉरचं कुटुंब मका पिकवतं. भित्र्या आर्लोचे वडील पुरात जातात. तोही नदीत वाहून घरापासून लांब पडतो. वाटेत त्याला स्पॉट या माणसाच्या पोराची सोबत मिळते. ते कुत्र्यासारखं हुंगतं, गुरगुरतं. दोघांची गट्टी जमते आणि आर्लो धीट होऊन घरी परततो.

आता आर्लोच्या जागी शेतकऱ्याचा मुलगा ठेवा, स्पॉटच्या जागी खराखुरा कुत्रा. कथेत काय बदललं? जवळजवळ काहीच नाही. म्हणजे लघुग्रह चुकला काय नि आदळला काय, सारखंच! उलट 'इनसाइड आउट'मधून मुलीच्या डोक्यातली आनंद आणि दुःख ही पात्रं काढून बघा. कथाच उरत नाही. कथाबीज पेरणं वेगळं, त्यातून कथा उगवणं वेगळं.

निर्मिती चालू असताना २०१३ मध्ये दिग्दर्शक बदलला. पीटर सोन यांनी सूत्रं घेतली आणि कथा बरीचशी नव्याने बांधली गेली. चित्रपटातल्या नद्या, पाऊस, डोंगर अगदी खरे वाटतात; पण त्यांच्यापुढे आर्लो रबरी खेळण्यासारखा दिसतो. भाचा तर अर्ध्यातून उठून गेला.

तरी एक प्रसंग मी विसरणार नाही. आर्लो वाळूत काटक्या रोवून आपलं कुटुंब दाखवतो. स्पॉटही काटक्या रोवतो, मग आईबापांच्या काटक्या आडव्या करून त्यांच्यावर वाळू लोटतो. स्पॉटला बोलता येत नाही, तरी सगळं कळतं. म्हणून 'बोअर आहे' एवढं म्हणून परीक्षण संपवू नये. नेमकं कुठे जमलं, कुठे फसलं, ते बोट ठेवून दाखवावं.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. आपल्या कथेतली सगळ्यात नवलाची गोष्ट खोडून टाका आणि कथा पुन्हा वाचा. काहीच बिघडलं नाही, तर ती गोष्ट नुसती सजावट होती.

माझी कथा मी पुन्हा लिहायला घेतली आहे. भावांचं भांडण तेच, पण बांध कुणी कोरला हे आता फक्त पिंपळाने पाहिलंय. या वेळी त्याला गप्प राहून चालणार नाही.