गावचे दुकान कोणाचे?

सोलापूरहून विजयपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर मंद्रूप हे गाव आहे. दक्षिण सोलापूर तालुक्याचा हा प्रदेश भीमा आणि सीना या नद्यांच्या खोऱ्यातील. येथील काळ्या रानात रब्बीची ज्वारी पिकते आणि बाजारात मराठीबरोबर कानडीही कानी पडते.

अशा गावातील किराणा दुकान म्हणजे केवळ मालाची जागा नव्हे. दुकानदार गिऱ्हाइकाला नावाने ओळखतो. दहा रुपयांचे तेल मागितले तरी तो नाही म्हणत नाही. हाती पैसा नसेल, तर वहीत नाव लिहितो आणि सुगी झाल्यावर हिशेब मिटवितो.

अलीकडे शहरांतील मोठी स्वयंसेवा भांडारे तालुक्यांच्या व मोठ्या गावांच्या ठिकाणीही उघडू लागली आहेत. असे भांडार येणार, अशी वार्ता आली की पारावर चर्चा सुरू होते. कोणी म्हणतो, "माल स्वस्त मिळेल." कोणी विचारतो, "लहान दुकानदारांनी पोट कसे भरावे?" मजुरी करणाऱ्या बाईला निराळीच चिंता असते : "तेथे उधारी मिळेल काय?" हे सारेच प्रश्न रास्त आहेत.

प्रथम हे भांडार चालते कसे, ते पाहावे. अमेरिकेतील मेम्फिस शहरात १९१६ साली क्लॅरेन्स सॉन्डर्स या व्यापाऱ्याने एक दुकान उघडले. त्यात गिऱ्हाइकाने स्वतः फिरून फळीवरील माल उचलावा आणि दाराशी पैसे द्यावेत, अशी व्यवस्था होती. माल काढून देणाऱ्या नोकरांचा खर्च त्यामुळे वाचला. आजची भांडारे माल घाऊक विकत घेतात, रोखीने विकतात आणि गिऱ्हाइकाकडूनच थोडे काम करून घेतात. त्यांच्या स्वस्ताईचे बरेचसे रहस्य यातच आहे.

मग गावाने स्वस्ताई घ्यावी की आपले दुकान राखावे? या पेचातून तिसरा मार्ग काढणारी माणसे इंग्लंडमधील रॉचडेल या गिरणगावात होऊन गेली. सोलापूरप्रमाणे तेथेही कापडाचा धंदा मोठा होता. वेतन तुटपुंजे, मालात भेसळ आणि मापात खोट, यांनी कामकरी गांजले होते. २८ जणांनी दर आठवड्याला दोन-तीन पेनी बाजूला टाकून प्रत्येकी एक पौंड जमविला. या २८ पौंडांच्या भांडवलावर २१ डिसेंबर १८४४ रोजी त्यांनी आपले दुकान उघडले. विक्रीस होते लोणी, साखर, पीठ आणि मेणबत्त्या, असे मोजकेच जिन्नस. शुद्ध माल, पुरते माप, प्रत्येक सभासदास एक मत आणि ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात नफ्याची वाटणी, हे त्यांचे नियम होते.

या विणकरांनी उधारी मात्र सर्वस्वी बंद ठेवली. कर्ज झाले की गिऱ्हाईक दुकानदाराच्या मुठीत जाते आणि मग भेसळीविरुद्ध त्याच्याने तोंड उघडवत नाही, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. परंतु त्यांना वेतन आठवड्याला मिळे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात पैसा येतो तो सुगीला. म्हणून रॉचडेलचा नियम जसाच्या तसा मंद्रुपास लागू पडणार नाही. वही माणसाला अडीअडचणीत तारते आणि तीच त्याला बांधूनही ठेवते. त्यावरचा उतारा उधारी नव्हे, बचत होय. आणि ती एकट्यापेक्षा गटाने अधिक साधते.

महाराष्ट्रातही हा मार्ग अनोळखी नाही. १९४८ साली मुंबईच्या नायगाव भागात कामगारांच्या सहकारातून 'अपना बाजार' उभा राहिला. वारणानगर येथे तात्यासाहेब कोरे यांच्या प्रेरणेने साखर कारखान्याच्या पाठोपाठ 'वारणा बाजार' उभा राहिला आणि सहकारी भांडार खेड्यातही चालू शकते, हे दिसून आले. अर्थात सहकाराची पाटी लावली म्हणजे दुकान चांगले होते असे नाही. सभासद हिशेब विचारीनासे झाले, की तेही बुडते.

दुकान कोणाचेही असो, ग्राहकाने डोळे उघडे ठेवले पाहिजेत. बंद पुड्यावर निव्वळ वजन, कमाल किंमत आणि तारीख छापलेली असली पाहिजे, असा कायदा आहे. ९०० ग्रॅमचा पुडा ९० रुपयांस आणि एक किलोचा ९८ रुपयांस मिळत असेल, तर दुसराच स्वस्त, हे मुलांनाही मांडता येईल. वाहनांची गर्दी, कचरा आणि आठवडे बाजारात बसणाऱ्या भाजीवाल्यांची जागा, हे प्रश्न ग्रामसभेत मांडता येतात. तेथे प्रत्येक मतदाराला बोलण्याचा हक्क आहे.

गावात मोठे दुकान आले म्हणजे गाव सुधारले, असे नाही. आणि ते आले म्हणजे गाव बुडाले, असेही नाही. माप पुरते आहे ना, असे ज्याला निर्भयपणे विचारता येते, तो गिऱ्हाईक स्वतंत्र होय. जेथे असे विचारणारे पुष्कळ, तेथील दुकान गावाचे.

स्वाध्याय
१. स्वयंसेवा भांडारात माल स्वस्त का मिळतो?
२. रॉचडेलच्या विणकरांनी उधारी का नाकारली? तो नियम कोरडवाहू शेतकऱ्यास का अडचणीचा ठरतो?
३. आपल्या घरी आलेल्या पाच पुड्यांवरील वजन व किंमत पाहून प्रत्येकाचा किलोचा भाव काढा.